कारखाना थांबल्यानंतरची पद्मिनी: पुण्यातल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी १९८७ सालची प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल, १०८९ सीसी, गियरचा दांडा स्टिअरिंगखाली. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याचा पुनर्विकास सुरू झाला म्हणून ती हलवावी लागली. तोवर नऊ वर्षं ती पत्र्याच्या शेडखाली एका जागी उभी होती. मूळ मालक वारले होते. गाडी कोथरूडला राहणाऱ्या मुलीकडे आली आणि तिची मागणी साधी होती: गाडी विकायची नाही, रस्त्यावर चालवायची. काम २०२४ च्या सुरुवातीला हातात घेतलं.

त्या वेळची अवस्था अशी होती. चारही टायर बसलेले, मागचे ब्रेक धरलेले, क्लच सुटत नव्हता, टाकीत वार्निशसारखा वास मारणारं पेट्रोल आणि नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली. वरून मात्र रंग चांगला दिसत होता. पूर्वी कुठल्या तरी गॅरेजात तिचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं होतं. दाराखालच्या पट्टीला चुंबक लावून पाहिलं, तर तीनपैकी दोन ठिकाणी तो धरतच नव्हता. पत्रा गेलेला होता आणि आत नुसती पुट्टी होती.

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, इंजिन चालू होईल का? अशा गाडीबाबत सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि पैसाही आधी तिथेच जातो. पद्मिनीच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. तिचं इंजिन हा सगळ्यात सोपा भाग आहे. का, ते समजायला ही गाडी कशी संपत गेली ते पाहायला हवं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं आहे, तेच हे. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जात. मग फियाटशी करार झाला, 'इलेव्हन हंड्रेड' आली, साठच्या दशकात 'डिलाइट', पुढे 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नावं बदलली तरी सांगाडा आणि इंजिनाची मूळ रचना तीच राहिली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. कंपनीने पुढे चिंचवडच्या कारखान्यात २००९ पासून 'रिओ' नावाची गाडी काढली, पण पद्मिनीशी तिचा काही संबंध नव्हता.

उत्पादन थांबलं तरी सुटे भाग मिळत राहिले, ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो गाड्या रोज धावत असतील तर ब्रेकची किट, क्लच प्लेट, किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ), वॉटर पंप बनवणारे छोटे कारखाने चालू राहतात. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून धावू शकत नाही. वर्तमानपत्रांनी त्या दिवसावर हळवं लिहिलं, ते रास्तच होतं. पण पद्मिनी सांभाळणाऱ्यासाठी त्या तारखेचा अर्थ रोकडा आहे: घाऊक गिऱ्हाईक गेलं. आता दुकानात जे पडून आहे तेच. ते संपलं की तो भाग पुन्हा भरला जाईल, असं धरून चालता येत नाही.

म्हणून या गाडीच्या कामाचा क्रम एकाच प्रश्नावर ठरवला: जे आता बनत नाही आणि बनवूनही घेता येत नाही, ते आधी वाचवायचं. जे बाजारात मिळतं ते दुसरं, आणि लेथवर करून घेता येतं ते शेवटी.

मोजदाद

हत्यार लावण्याआधी गाडीचे फोटो काढले. प्रत्येक कडेचे, प्रत्येक बिजागरीचे, डॅशबोर्डमागच्या वायरींचे. मग जाळी, क्रोमच्या पट्ट्या, बंपरचे कोपरे, दारांची हँडल, दिव्यांच्या काचा आणि त्यांच्या रिंगा उतरवून प्रत्येक वस्तू स्क्रूसकट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवली. डेंटरकडे गाडी जाताना यातली एकही वस्तू अंगावर नको. गॅरेजात सगळ्यात जास्त हरवतात त्या याच गोष्टी, आणि पद्मिनीच्या बाबतीत परत न मिळणाऱ्याही याच. टॅक्सीवाल्याला क्रोमची पट्टी कधी लागली नाही, म्हणून तिचा बाजार कधी उभाच राहिला नाही.

भागांची चौकशी आधी नाना पेठेत केली. ब्रेकची रबरं, ठिणगीच्या यंत्रणेतले पॉइंट आणि कंडेन्सर, फॅन बेल्ट, होज (रबरी नळ्या) हे काउंटरवर मिळालं. मास्टर सिलिंडर आणि किंगपिनचं किट दोन-तीन दुकानं फिरून मिळालं. काचेभोवतीची रबरं मिळाली, पण आडवा छेद जुळत नव्हता. जुन्या बाजारात एक जाळी होती, वाकलेली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एक डावं दार आणि गियरच्या जोडदांड्यांचा संच आणला. तिथे जाताना आपला जुना भाग सोबत न्यावा. फोटो दाखवून भागत नाही, कारण डिलाइटपासून नंतरच्या पद्मिनीपर्यंत भाग दिसायला सारखे असले तरी भोकांची अंतरं बदललेली असतात.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुंबईच्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर गेल्या होत्या. त्यामुळे ब्रेक-क्लचचा माल जितका फिरत राहिला, तितका पेट्रोल पंपाचा आणि कार्बोरेटरचा राहिला नाही. सोलेक्स कार्बोरेटरची जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) आणि पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) दिसेल तिथे जास्तीचा घ्यावा, आज गरज नसली तरी.

पत्रा

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. अंगचा पत्राच भार उचलतो. दाराखालची पट्टी, जिला गॅरेजात 'सिल' म्हणतात, ती नुसती शोभेची नसून गाडीचा कणा आहे. ती गंजली की गाडी मधोमध दबते, दार उघडताना जड होतं आणि लावताना वर उचलून लावावं लागतं. या गाडीचं उजवं पुढचं दार तसंच लागत होतं. आधीच्या कामगाराने बिजागरी वाकवून दार बसवलं होतं, म्हणजे दुखणं तसंच ठेवून लक्षण झाकलं होतं.

सिल कापण्याआधी गाडी चार घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर), सस्पेन्शनच्या जागांखाली टेकवून समपातळीत घेतली. दारं जागेवरच ठेवली. प्रत्येक दाराभोवतीची फट चार ठिकाणी मोजून भिंतीवर लिहिली. दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटीत तात्पुरते लोखंडी अँगल टाकले आणि मगच कटर लावला. एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर सांगाडा पिळतो आणि नंतर पुढची काच बसताना तडकते.

आत नवा पत्रा २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मि.मी. जाडीचा सीआरसी (थंड लाटलेलं पोलाद) घातला. जोड मिग वेल्डिंगने, टाके टाके देत, अंतर सोडून. गॅस वेल्डिंगने पत्रा तापून लाटा उठतात आणि त्या लपवायला पुन्हा पुट्टी भरावी लागते. गंजलेल्या भागाच्या कडेपासून चांगला पत्रा लागेपर्यंत, किमान दोन बोटं आत कापलं. गंजावरच ठिगळ वेल्ड केलं तर दोन पावसाळ्यांत ते कडेने सुटतं. सिलच्या पोकळीत बंद करण्याआधी झिंक प्रायमर आणि रंगानंतर पातळ मेण फवारलं. खालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवली. जुन्या कामात ती पुट्टीने बुजवली होती आणि पत्रा आतून सडण्याचं खरं कारण तेच होतं. एकूण खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा या पत्राकामाचा आणि रंगाचा झाला.

रंगकाम करणाऱ्याला एक सूचना लेखी द्यावी: चेसिस नंबरवर पुट्टी किंवा जाड रंग चढता कामा नये. आरटीओत त्या नंबरचा पेन्सिलचा ठसा घेतात. अक्षर उमटलं नाही तर गाडी तपासणीतच अडकते. रंगही मूळच ठेवला. रंग बदलला तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते आणि जुन्या गाडीच्या कागदांत जितके बदल कमी तितकं बरं.

ब्रेक, मग पेट्रोल, मग इंजिन

इंजिन चालू होण्याआधी गाडी थांबायला शिकली पाहिजे. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीत ब्रेकच्या सिलिंडरच्या भिंतीला आतून खड्डे पडतात. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर अडकले होते. एकाला बारीक खड्डे होते, त्यात पितळी स्लीव्ह बसवून घेतली. दुसरा फुटला म्हणून बदलला. नुसतं होनिंग करून (आतून घासून) नवी रबरं घालणं हा स्वस्त मार्ग आहे, पण खड्ड्यावरून रबर महिनाभरात कापलं जातं.

रबरी होज तिन्ही बदलले. बाहेरून चांगले दिसणारे होज आतून फुगतात. पेडल दाबलं की दाब जातो, सोडलं की ऑइल परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतो. लोक मग ब्रेक शू घासून सैल करतात आणि चूक शोधायची राहूनच जाते. ड्रम लेथवर फिरवून गोल केले, शूला नवं लायनिंग. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. डॉट ३ ऑइल, नव्या बंद डब्यातलं.

टाकी पूर्ण उतरवली. आतला गंज काढायला मूठभर नट टाकून हलवलं, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक, मग धुऊन गरम हवेने कोरडी. टाकीला जोड द्यायचा असेल तर ती रिकामी दिसते म्हणून कुणी ज्योत जवळ नेऊ नये. तळाशी उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलने जुना डायफ्राम आणि साधी रबरी नळी मऊ होते, सुटलेले कण जेटमध्ये अडकतात. सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या एफकेएम या खास रबराच्या अस्तराच्या घातल्या आणि पंपाआधी पारदर्शक फिल्टर लावला. फाटलेल्या डायफ्रामचा एक धोका नीट लक्षात ठेवावा: पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर गाडी त्याच क्षणी बंद करायची. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. शिवाय उभ्या गाडीत हे पेट्रोल पाणी ओढतं आणि इथेनॉल-पाणी तळाशी बसतं. म्हणून महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी अर्धी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवावी, म्हणजे वरची दमट हवा कमी राहते.

मग इंजिन. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण २० मि.लि. ऑइल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. नंतर पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवलं. नऊ वर्षं उभ्या इंजिनाला थेट स्टार्टर मारला तर चिकटलेली रिंग तुटते. हे मोकळं फिरलं. ऑइल २०डब्ल्यू-४०, नवा फिल्टर, प्लग न लावता स्टार्टरने ऑइलचा दाब चढेपर्यंत फिरवलं. पॉइंटची फट ०.४५ मि.मी.च्या आसपास, प्लगची ०.६, स्फोटाचा क्रम १-३-४-२. कार्बोरेटर साफ करून बसवल्यावर ते काही मिनिटांत चालू झालं. घरच्यांसाठी हा मोठा क्षण होता. कामाच्या हिशेबात तो एका दुपारचा भाग होता.

खरी काळजी पाण्याची होती. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरत गेलं की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो आणि हेडच्या पाण्याच्या वाटा कडेने खाल्ल्या जातात. हेड उतरवून सरळ पट्टी आणि फीलर गेज लावलं. मधोमध ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त फट होती, म्हणून हलकं घासून सपाट केलं. जास्त घासू नये, कॉम्प्रेशन वाढतं आणि पुढच्या वेळी घासायला काही उरत नाही. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळले. एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासले. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. इंजिन गरम करून पेडल लाकडी दांडक्याने दाबून रात्रभर ठेवलं, सकाळी ती सुटली. नाहीतर गियरबॉक्स उतरवावी लागली असती.

गियरचा दांडा

पद्मिनी घाटात किंवा सिग्नलला दोन गियरमध्ये अडकते, ही तक्रार जुन्या चालकांना पाठ आहे. दोष गियरबॉक्सचा क्वचितच असतो. दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या जोडदांड्यांची बुशं (पिनभोवतीची छोटी नळकांडी) झिजतात, दोन लिव्हर एका रेषेत येत नाहीत आणि एक गियर सुटण्याआधी दुसरा धरतो. तात्पुरता उपाय म्हणजे बॉनेट उघडून दोन्ही लिव्हर हाताने न्यूट्रलला आणणे.

इथे कुर्ल्याहून आणलेल्या संचातले दांडे सरळ होते, बुशं मात्र तितकीच झिजलेली. ती भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये नायलॉनची करून घेतली. झिजलेल्या बुशाचं माप देऊन उपयोग नाही. बाहेरचं माप बुश ज्यात बसतं त्या घराच्या भोकावरून आणि आतलं पिनच्या न झिजलेल्या टोकावरून घ्यायचं, खेळ ०.०५ ते ०.१ मि.मी. ठेवायचा. प्रत्येक बुशाचं रेखाचित्र मापांसकट कागदावर काढून गाडीच्या फाइलीत लावलं. पुढच्या कारागिराला त्याचा उपयोग होईल. पहिल्या गियरला सिंक्रोमेश (गियर टाकताना वेग जुळवणारी रचना) नसतं, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. ही सवय नव्या गाड्या चालवणाऱ्याला मुद्दाम शिकवावी लागते.

कागद

कागदांचं काम पत्र्याच्या कामाबरोबरच सुरू केलं, नाहीतर गाडी तयार होऊन परत उभी राहते. नंबर १९८९ पूर्वीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा. अशा जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा संगणकावर चढलेलीच नसते. संगम पुलाजवळच्या आरटीओत आधी मूळ पुस्तक दाखवून ती जुनी नोंद 'बॅकलॉग' म्हणून चढवून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा एकही अर्ज ऑनलाइन सरकत नाही. मग वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, नूतनीकरणासाठी फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट. नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. अर्ज २०२४ मध्येच गेला म्हणून शुल्क ५,००० रुपये लागलं. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारीला ते १०,००० झालं आहे. नोंदणी संपलेली गाडी चालवत नेऊ नये, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. तपासणीला ती फ्लॅटबेडवर नेली.

बरेच जण 'व्हिंटेज' नोंदणीबद्दल विचारतात. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या गाडीलाच ती मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. ही गाडी २०३७ पर्यंत त्यात बसत नाही आणि मालकिणीला ती चालवायचीच असल्याने नंतरही त्या वाटेला न जाणं बरं. दिल्ली परिसरातला १५ वर्षांचा पेट्रोल गाड्यांचा निर्बंध पुण्याला लागू नाही. त्या भीतीने चांगल्या गाड्या भंगारात गेल्या, हे वाईट झालं.

पीयूसीला या वयाच्या चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम ही मर्यादा आहे. पहिल्या तपासणीत गाडी जास्त पेट्रोल पीत होती. चोक पूर्ण उघडत नव्हता. त्याची तार सरळ करून मिक्स्चर स्क्रू लावल्यावर दोन्ही आकडे मर्यादेत आले.

चाचणी

कात्रजच्या जुन्या घाटात, दुपारच्या उन्हात चढवली. तापमान ठीक राहिलं, पण वर थांबून दहा मिनिटांनी ती चालू होईना. ही व्हेपर लॉकची जुनी खोड: बंद इंजिनाची उष्णता पंपाला आणि नळीला लागते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलतो. पूर्वी चालक पंपावर ओलं फडकं टाकत आणि ते चालतंही. इथे पंपाखालचा इन्सुलेटर नवा बसवला, नळी गरम भागापासून लांब फिरवून तिच्यावर उष्णतारोधक बाही चढवली. त्याच घाटात तशाच दुपारी पुन्हा थांबवल्यावर पहिल्या झटक्यात चालू झाली.

किंगपिनना दर १,००० किलोमीटरला ग्रीस, मागच्या पाट्यांची (स्प्रिंगांची) बुशं सहा महिन्यांनी पाहायची, हे मालकिणीला लिहून दिलं. सोबत घरात ठेवायचा साठाही दिला: पंपाचे दोन डायफ्राम, ब्रेक रबरांचे दोन पूर्ण संच, पॉइंट-कंडेन्सर चार, हेड गॅस्केट एक, वॉटर पंपाचं किट एक, फॅन बेल्ट दोन. रबराचे भाग पावडर लावून, उजेडापासून दूर, बंद डब्यात.

मागच्या काचेचं रबर मात्र अजून मनासारखं नाही. बाजारातलं प्रोफाइल मूळ रबरापेक्षा पातळ निघालं आणि जोराच्या पावसात डाव्या कोपऱ्यातून डिकीत पाणी उतरतं. सध्या तिथे ब्यूटाइल सीलंटची पट्टी भरली आहे. मूळ रबराचा बोटभर तुकडा रबराच्या पट्ट्या काढणाऱ्या एका एक्स्ट्रूजनवाल्याकडे डाय (साचा) काढण्यासाठी दिला आहे. तो किमान लांबीचा लॉट मागतो, म्हणून आणखी पाच-सहा पद्मिनीवाल्यांची मागणी एकत्र करणं चालू आहे.